विहिरीतला बिल्ला

कॉम्प्युटरवरचे गेम म्हणजे पोरखेळ, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. एका गेमपायी चोपन्न वर्षांचा माणूस सव्वा महिना रोज दुपारी इस्त्रीचा सदरा घालून घराबाहेर पडत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो माणूस माझा बाप. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

गोष्ट माजलगावची. गावात नुकती केबल आली होती, एसटीडीचे बूथ निघाले होते आणि मोंढ्याच्या रस्त्याला एका खताच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास सुरू झाला होता. मी बीडला वर्षभराचा कोर्स करून आले आणि तिथं शिकवायला लागले. वय बावीस. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणायचे. शिकवत ते काहीच नव्हते, पण खुर्ची त्यांची मोठी होती. चार कॉम्प्युटर, त्यांतल्या तिनांचे पडदे काळे-पांढरे आणि एकाचा रंगीत. चपला बाहेर काढूनच आत यायचं. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून तो नियम होता, पण लोक आत आले की कॉम्प्युटरला हात जोडायचे. मी रागवायचे. मग ते मला हात जोडायचे.

रंगीत कॉम्प्युटर सरांनी पुण्याहून वापरलेला आणला होता. त्याच्या डिस्कवर आधीच्या मालकाचा एक गेम राहून गेला होता. त्या काळात इंग्रजी सिनेमांवरून असे गेम निघायचे. गोळ्या झाडा, उड्या मारा, असलं त्यात काही नसायचं. पडद्यावर सिनेमातल्या जागेचं चित्र यायचं, रंग मोजून सोळा, आणि त्यात बोटाएवढा हिरो उभा असायचा. खाली आपण इंग्रजीत टाइप करायचं: बघ, उचल, दार उघड, म्हाताऱ्याशी बोल. बरोबर असलं तर हिरो तसं करायचा. चुकलं तर खाली ओळ यायची, ‘असं इथं काही दिसत नाही.’ असं करत करत सिनेमाची अख्खी गोष्ट आपणच पार पाडायची. सिनेमा पाहिलेल्याला सोपं जायचं, न पाहिलेला पहिल्याच दारात अडकायचा.

सुरू होताना तो गेम सोबतच्या पुस्तिकेतला एखादा शब्द विचारायचा, म्हणजे आपण तो विकत घेतलाय की फुकटात उतरवलाय ते त्याला कळावं. आमच्याकडे त्या पुस्तिकेची झेरॉक्स होती, तीही अर्धी काळी आलेली. वाचता येईल अशा पानावरचा शब्द विचारेपर्यंत कॉम्प्युटर बंद-चालू करत बसायचं. कधी चार वेळा, कधी नऊ वेळा.

बॅचच्या लोकांना इंग्रजी टायपिंगचा सराव होईल म्हणून मी एक दिवस तो गेम लावला. पहिलंच चित्र आलं आणि मी खुर्चीतून उठले. समुद्राचा काठ, वाळूत उलटी पडलेली होडी, लाल सदऱ्यातला माणूस. हा सिनेमा माझ्या चांगलाच ओळखीचा होता. मी नववीत असताना तो आमच्या टॉकीजला तीन आठवडे चालला होता, आणि तो चालवणारे होते अप्पा.

अप्पा टॉकीजचे ऑपरेटर. बावीस वर्षं वरच्या केबिनीत पिक्चर दाखवायच्या दोन मशीनच्या मधे उभा राहिलेला माणूस. केबल आल्यावर टॉकीजला कुत्रं फिरकेना. मालकानं ती बंद केली, तिथं सरकीचं गोदाम झालं. मशीन भंगारात निघाली तेव्हा अप्पा बघायला गेले नाहीत. त्यानंतर ते कुठंच गेले नाहीत. सकाळी ओट्यावर बसायचे, ऊन आलं की आत, ऊन गेलं की पुन्हा ओट्यावर. आई दिवसभर शिवणयंत्रावर. ती आधी भांडली, मग नारायणगडाला नवस बोलून आली, मग तिनं बोलणंच सोडलं. अप्पांची दाढी दोन-दोन आठवडे वाढलेली असायची आणि बोलणं म्हणजे ‘हूं’ आणि ‘न्हाई’. मला त्यांची दया यायला पाहिजे होती. मला यायचा राग. धडधाकट माणूस आमच्या डोळ्यांदेखत संपत चालला होता आणि ताटात काय वाढलंय हेसुद्धा बघत नव्हता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढं जाऊन बसले.

‘अप्पा, तो होडीवाला पिक्चर कॉम्प्युटरवर आलाय.’

‘व्हिडिओ?’

‘व्हिडिओ न्हाई. खेळ हाय. आपण सांगायचं आन् हिरोनं करायचं.’

‘लेकरांचं काय तरी आसंल.’

‘मला पुढचं आठवंना. किल्ल्याच्या दारात अडकून बसलेय.’

हे खोटं होतं. मी होडीच्या पुढंसुद्धा गेले नव्हते. अप्पांनी ‘हूं’ केलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. दुसऱ्या दिवशी चार वाजता क्लासच्या जिन्यावर पावलं वाजली. बघते तर अप्पा. दाढी केलेली, गालावर ब्लेड लागलेलं, चपला हातात. सरांनी खुर्ची दिली. अप्पा बसले नाहीत. आधी पडद्याजवळ जाऊन वाकून पाहिलं, मागं हात घातला, उजेडाचं बटन शोधून काढलं आणि फिरवलं. ‘अंधार हुता,’ म्हणाले आणि मग बसले. मी एवढे दिवस त्या अंधारातच शिकवत होते.

आता सिनेमाची गोष्ट सांगायला पाहिजे, म्हणजे आमच्या गावाला माहीत असलेली गोष्ट.

इंग्रजी पिक्चर आला की आमच्या टॉकीजमध्ये एक पद्धत होती. गेटवर तिकिटं फाडणारे एक चाचा होते. खेळ सुरू झाला की ते पडद्याच्या बाजूला भोंगा घेऊन उभे राहायचे आणि काय चाललंय ते सांगायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. समोर दिसेल त्यावरून ते बोलायचे, निम्मं मराठी, निम्मं दखनी. पब्लिक पिक्चरइतकंच चाचांना ऐकायला यायचं. होडीच्या पिक्चरची त्यांनी लावलेली गोष्ट अशी: लाल सदऱ्यावाल्याचा भाऊ किल्ल्यात कैद आहे. हा किल्ल्याच्या दारात जातो, पहारेकऱ्याला खिशातला पितळी बिल्ला दाखवतो, दार उघडतं. बिल्ला कुणाचा? तर मेलेल्या बापाचा, घरून आणलेला. मग दुश्मन मागं लागतात. बिल्ला त्यांच्या हाती पडू नये म्हणून हा तो विहिरीत लपवायला उतरतो. पण बापाची निशाणी चिखलात टाकवत नाही. बिल्ला मुठीत धरून तो वर येतो. इथं चाचांचा आवाज फुटायचा, आणि अख्खी टॉकीज नाक ओढायची. आडतीवरचे हमालसुद्धा. माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी हा पिक्चर तीनदा पाहिला होता, आणि तिन्हीदा चाचांचं ऐकून.

त्या पिक्चरशी माझं आणखी एक नातं होतं. पहिल्या दिवशी मी अप्पांचा जेवणाचा डबा घेऊन टॉकीजला गेलते. केबिनीत तोवर मला कधी जाऊ दिलेलं नव्हतं. डबा खाली चाचांकडं द्यायचा आणि परत फिरायचं. त्या दिवशी मात्र वर गडबड उडालेली. पिक्चरची पेटी एसटीच्या टपावरून आली होती आणि टपावर तिच्याशेजारी कुणाचा तरी काकवीचा डबा होता. आमच्याकडं उसाचे दिवस आले की एसटीत काकवी असतेच. रस्त्यात तो डबा फुटला आणि काकवी गळत गळत पेटीत उतरली. टीनचे डबे बंद असल्यामुळं आतली रिळं वाचली, पण वरून सगळं चिकट, नंबरांच्या चिठ्ठ्या सुटून आलेल्या, आणि मुंगळ्यांची रांग लागलेली. एरवी नवीन प्रिंट आली की अप्पा एकेक रीळ हातानं फिरवून तपासायचे. त्या दिवशी खेळाला पाऊण तास राहिलेला, आणि प्रिंट चाळीस गावं फिरलेली, रिळांच्या तोंडावरचे नंबर कधीच फाटून गेलेले. अप्पांनी वरून मला हाक मारली.

मी लोखंडी शिडी चढून वर गेले. डबे धुतले, पुसले, ओळीनं मांडले. चिठ्ठ्या धुवून केबिनीच्या खिडकीत वाळवल्या आणि पोस्टर चिकटवायची खळ घेऊन पुन्हा लावल्या. चिठ्ठ्यांवरचं इंग्रजीतलं मीच अप्पांना वाचून दाखवलं. पहिल्या खेळाला मी केबिनीतच उभी होते, आणि पिक्चर आपणच लावलाय असं मला वाटत होतं. नंतर दहावी होईपर्यंत दर रविवारी मी वर जायची. अप्पांनी मला रीळ उलटं गुंडाळायला शिकवलं, तुटलेली फिल्म जोडायला शिकवलं, मशीनच्या उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या बदलायला शिकवलं. मशीनची भीती माझी तिथं गेली. बीडला कोर्सला मी एकटी मुलगी होते आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडायला पहिली मीच पुढं झाले, ते त्या केबिनीमुळं.

तर गेम. अप्पा सांगायचे, मी टाइप करायची. होडी सुलटी केली, समुद्र पार केला, म्हाताऱ्याकडून वाट काढून घेतली. चारच्या बॅचचे लोक आपलं काम सोडून मागं उभे राहायला लागले. दोन गुरुजी होते, एक औषधाच्या दुकानवाला होता, सगळ्यांनी पिक्चर पाहिलेला. आठवड्यात आम्ही किल्ल्याच्या दारात पोचलो आणि तिथं खरोखर अडकलो. पहारेकरी बिल्ला मागत होता आणि आमच्या खिशात बिल्ला नव्हता.

‘घरून आणायचा राहिला की,’ औषधवाला म्हणाला. ‘बापाचा बिल्ला घरात असंल.’

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा पडद्याकडंच बघत होते. ‘हूं,’ म्हणाले. ‘घरात बघ.’

होडीच्या चित्राला लागूनच हिरोच्या घराचं चित्र होतं. एक खाट, एक कपाट, एक चूल. आम्ही मागं फिरलो आणि घर धुंडाळायला लागलो. खाटेखाली बघ. कपाट उघड. गादी उचल. चुलीत हात घाल. गुरुजींना इंग्रजी शब्द सुचायचे, अप्पा जागा सांगायचे. ‘असं इथं काही दिसत नाही.’ ‘असं इथं काही दिसत नाही.’ ती ओळ दिवसाला शंभर वेळा यायची. मी खवळायची, टेबलावर हात आपटायची. अप्पा शांत. ‘उद्या माळा बघू,’ म्हणायचे. त्या घराला माळा नव्हता. पण उद्या म्हणत होता माणूस, ओट्यावर बसून उद्याचं नाव कुणी घेतलं होतं? घरी आल्यावर जेवताना आता ते बोलायचे. कधी कपाटाचं, कधी चुलीचं. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, ‘काय बी कर, पन त्यो खेळ बंद पडू दिऊ नको.’

मला अप्पांचा अभिमान वाटायचा आणि मी तो लपवायची नाही. बॅचमध्ये कुणी नवीन आलं की सांगायची, ‘बावीस वर्षांत यांच्या हातून एक रीळ मागंपुढं झालेलं नाही.’ अप्पा कीबोर्डकडं बघायचे. मला वाटायचं, लाजतायत.

तीन आठवडे झाले आणि एका दुपारी, क्लास रिकामा असताना, मी वैतागून गेमला म्हटलं, जा बाबा तू विहिरीत. खरंच तसं टाइप केलं. हिरो गेला. दोर पाहिजे म्हणाला. दोर होडीत होता, मी आणला. हिरो खाली उतरला आणि ओळ आली, ‘चिखलात काहीतरी चमकतंय.’ मी उचल म्हणून सांगितलं. पितळी बिल्ला. तो घेऊन दारात गेले, पहारेकरी बाजूला झाला, दार उघडलं.

आधी मला हसू आलं. मग एकदम कळलं. पिक्चरमध्ये विहीर आधी होती, दार नंतर. बापाचा बिल्ला वगैरे काही नव्हतंच, तो सापडला होता विहिरीत. आमच्या गावानं तीन आठवडे रिळं उलटीसुलटी बघितली होती, सहावं सातव्याच्या जागी आणि सातवं सहाव्याच्या, आणि चाचांनी त्यातून गोष्ट जुळवली होती. म्हणजे अप्पा चुकले होते. एक खेळ नाही, तीन आठवडे. आणि बावीस वर्षांत एक रीळ मागंपुढं झालं नाही, हे मी गावभर सांगत सुटले होते.

मी गेम बंद केला. काही जपून ठेवलं नाही. त्या माणसाकडं आता तेवढंच उरलं होतं, की मी माझं काम नीट केलं. चारचौघांत ते खोटं ठरलं तर तो परत जिना चढून वर येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. चार वाजता अप्पा आले. मी म्हटलं, ‘आज काय बघायचं?’ ते म्हणाले, ‘चुलीमागं.’ मी चुलीमागं बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, माझे कान तापतात. दोन आठवडे माझे कान तापलेले होते.

मग सरांना मतदार याद्या टाइप करायचं काम मिळालं. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घालायचं, याद्या साठवायच्या, तर डिस्कवर जागा पाहिजे. ‘शनिवारी सगळं साफ करा,’ सर मला म्हणाले. ‘गेमसुद्धा.’ मी भांडले. सर भले माणूस, पण काम काम होतं आणि माझ्यापाशी सांगण्यासारखं कारण नव्हतं. बाप ओट्यावर परत जाऊन बसेल, हे कसं सांगायचं?

घरी अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले.

‘शेवट बगायला मिळाला आस्ता तर बरं झालं आस्तं,’ म्हणाले.

‘शेवट तुमी शंभर बार बघितला की.’

‘कुठं? शेवटच्या रिळाला आमी पुढच्या खेळाची रिळं गुंडाळीत आसतो. केबिनीच्या भोकातनं येक डोळा लावून बगायचं, मशीन नीट चाललंय का तेवढं. भाऊ भावाला भेटतो म्हनतेत. मी धड बगितलाच न्हाई.’

त्या रात्री मला झोप आली नाही. शेवट दाखवायचा तर वाट विहिरीतूनच होती. विहिरीत उतरायचं तर अप्पांची चूक सगळ्यांपुढं येणार. नाही उतरायचं तर त्यांनी बावीस वर्षं लोकांना शेवट दाखवले आणि स्वतः हातात आलेला एक सोडून द्यायचा. सकाळपर्यंत मी एक थाप जुळवली.

शुक्रवारी चार वाजता बॅच पूर्ण हजर होती. शेवटचा दिवस म्हणून सरसुद्धा खुर्ची ओढून बसले. मी अप्पांना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘अप्पा, मला वाटतंय गेमवाल्यांनी गोष्ट बदललीय. पिक्चरमधलं मागचं पुढं केलंय. तिकडची माणसं, त्यांना काय कळतंय. आधी विहीर बघू का?’

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. माझे कान तापले होते.

‘आसंल,’ ते म्हणाले. ‘उतर विहिरीत. दोर होडीत हाय.’

मी होडीतला दोर घेतला. हे त्यांना कसं माहीत, असं क्षणभर मनात आलं आणि गेलं, कारण मागं सगळे दाटीवाटीनं उभे होते आणि माझी बोटं चुकत होती. हिरो उतरला. चिखलात चमकलं. बिल्ला हातात आला. गुरुजींनी मांडीवर थाप मारली. औषधवाला म्हणाला, ‘आयला, म्हणजे बापाचा न्हवताच?’ आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, ‘हां, आत्ता झालं बराबर.’

चाचा होते. टॉकीज बंद पडल्यावर ते खालीच केळ्यांचा गाडा लावायचे. शेवटचा दिवस म्हणून एक फणी घेऊन वर आले होते.

‘आधी बावडी, मग दरवाजा,’ चाचा म्हणाले. ‘ऑपरेटर, दुसऱ्या दिवशी तू आसंच तर लावलंतं. काय दंगा झालाता, याद हाय का? पब्लिक खुर्च्या वाजवायला लागलं, बाप का बिल्ला किधर है म्हनून. माझी समदी कहानी बोंबलली. मालक म्हनला, कालच्यावानीच चालू द्या, पब्लिकला तेच पायजे.’

‘केळी ठेव आन् गप बस,’ अप्पा म्हणाले.

पण चाचांना कौतुक आवरत नव्हतं. ते माझ्याकडं वळले. ‘आन् ह्ये समदं तुझं काम बेटी. काकवीचे डबे तूच धुतलेस ना? सहाची चिठ्ठी सातला, सातची सहाला. मालक लई तापलाता पहिल्या दिवशी. ह्यो म्हनला, माझ्या हातनं झालं साहेब, पोरगी वर आलीच न्हवती.’

मला खिडकीतल्या चिठ्ठ्या दिसल्या, ओळीनं वाळत घातलेल्या, आणि खाली ओळीनं मांडलेले डबे, त्यांतले दोन मी पुन्हा पुसायला उचललेले. अप्पांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

‘दार उघड माय,’ ते म्हणाले. ‘पाच वाजायला आलेत.’

मी दार उघडलं. पुढचं सगळं अप्पांनी भराभर सांगितलं, एकदाही न चुकता. जिना, तळघर, साखळी, दिवा. शेवटी किल्ल्याच्या खिडक्यांत एकेक करून उजेड आला आणि दोन बोटाएवढी माणसं शेजारी शेजारी उभी राहिली. अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून पुढं वाकून बघत होते. दुसरं चित्र येईना, तेव्हा म्हणाले, ‘झालं का?’ झालं म्हटल्यावर मागं टेकून बसले. चाचांनी केळी वाटली.

घरी आम्ही दोघं चालत निघालो. मोंढा ओलांडला आणि मला राहवेना.

‘तुमाला पहिल्या दिवसापास्नं ठावं व्हतं.’

‘हूं.’

‘मग महिनाभर त्या घरात काहून हिंडायला लावलं मला?’

‘विहिरीत उतरली आस्तीस तर तुला समजलं आस्तं.’

मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाही राग येत होता. ‘आन् तवा? तवाच काहून सांगितलं न्हाई? दोन थोबाडीत दिल्या आस्त्या तरी चाललं आस्तं.’

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. आम्ही कडेला सरकलो. धूळ खाली बसेपर्यंत अप्पा तोंडावर उपरणं धरून उभे राहिले.

‘सांगितलं आस्तं,’ ते म्हणाले, ‘तर तू परत केबिनीत आली आस्तीस का?’

आले नसते. मी स्वतःला ओळखते. शिडीच्या पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवला नसता, आणि आज कुठं असते ते मला माहीत नाही. मीही दोन आठवडे याच धाकानं तोंड शिवून बसले होते, की हा माणूस परत वर येणार नाही.

शनिवारी सकाळी डिस्क मी माझ्या हातानं साफ केली. याद्यांच्या कामाला दोन माणसं लागत होती, एकानं हस्तलिखितावरून नाव, वय, घर नंबर मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टाइप करायचं. वाचायला खणखणीत आवाजाचं माणूस पाहिजे, असं मी सरांना सांगून ठेवलं होतं, आणि कोण तेही सांगितलं होतं. अप्पा चार वाजता आले. चपला दाराबाहेर काढल्या, माझ्या शेजारी बसले आणि याद्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला. पानं सुटी होती, मी नुकतीच ती एकावर एक रचली होती. अप्पांनी वरची दोन-चार उलटून पाहिली, मग सगळा गठ्ठा टेबलावर ठोकून नीट केला.

‘नंबर मी लावतो,’ ते म्हणाले. ‘तू फकस्त टाइप कर.’